लावलेली गाडी

मराठीत आपण दिवा लावतो, रेडिओ लावतो, पंखा लावतो आणि गाडीही लावतो. पहिल्या तिन्ही ठिकाणी 'लावणं' म्हणजे चालू करणं. गाडीच्या बाबतीत मात्र बरोबर उलटं. "खाली गाडी लावून आलो" म्हणजे इंजिन बंद, हँडब्रेक वर, दाराला कुलूप, विषय संपला. ऑफिसातल्या एका अमराठी मित्राला हे समजावून सांगताना एकदा माझी चांगलीच दमछाक झाली होती. पण हल्ली मला वाटायला लागलंय की आपल्या भाषेला पुढचं आधीच दिसत होतं. कारण आजची कीलेस हायब्रिड गाडी आपण खाली लावून येतो, तेव्हा ती खरोखरच दिव्यासारखी लावलेली असते. अगदी मंद, डोळ्यांना दिसणार नाही इतकी मंद. पण चालू!

मंडळी, या विषयात शिरायचं कारण घरातलंच आहे, ते पुढे येईलच. (काका-काकूंची परवानगी घेतली आहे. नाव घालायचं नाही, एवढीच त्यांची अट.) पण त्याआधी मला जरा मागे, म्हणजे चांगलं शंभर-सव्वाशे वर्षं मागे जायचं आहे. कारण 'उभी गाडी मेली का?' या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी 'गाडी मुळात बंद कधी असायची?' या प्रश्नापर्यंत जाऊन पोचलो, आणि तिथे भलताच मजेदार इतिहास सापडला.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारी सुरू व्हायला बॅटरी लागतच नसे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीचंच बघा. तिच्या फ्लायव्हीलमध्ये लोहचुंबक बसवलेले होते. इंजिन फिरलं की त्या चुंबकांमुळे वीज तयार होई आणि तीच ठिणगी पाडे. याला म्हणतात मॅग्नेटो. म्हणजे इंजिन फिरलं तर वीज, आणि वीज आली तर इंजिन. पहिलं फिरवायचं काम माणसाच्या दंडाचं. समोर उभं राहायचं, हँडल घालायचं आणि जोर लावून फिरवायचं.

हे हँडल प्रकरण साधं नव्हतं. इंजिनने उलटा झटका दिला की हँडल मनगटावर यायचं आणि हाड मोडायचं. मनगटाजवळच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला डॉक्टर लोक आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, ते याच हँडलच्या कृपेने. पण या गाडीचा एक गुण होता. ती बंद असली की बंद असायची. महिनाभर गोठ्यात उभी केली काय आणि चार महिने केली काय, आतून काही खर्च होत नव्हतं. पेट्रोल शिळं होईल, टायर बसतील, उंदीर गादी कुरतडतील, पण गाडी स्वतःहून स्वतःला खाणार नाही.

आपल्याकडच्या पिढीला हे पटवून द्यायला मॉडेल टी कशाला हवी? १९७२ साली आलेली बजाज चेतक आठवा. तिच्यातही फ्लायव्हील मॅग्नेटोच. उन्हाळ्याची सुट्टी संपवून कोकणातून परत आलं की वाड्याच्या बोळात गोणपाटाखाली धूळ खात उभी असलेली स्कूटर बाबा बाहेर काढायचे. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, मग चोक ओढायचा, मग एका बाजूला भक्तिभावाने वाकवायची आणि सात-आठ किका. नवव्या किकेला धूर सोडत ती उठायची. कधी विसाव्या किकेला उठायची. पण उठायची! दीड महिना तिने आमची वाट बिट काही बघितलेली नसायची. ती आपली निवांत झोपलेली असायची.

आता या सुखी झोपेत बॅटरी कुठून आली ते बघू.

शिशाची बॅटरी मोटारीपेक्षा जुनी आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ती बनवली. शिशाचे दोन पत्रे, मध्ये विभाजक, गुंडाळी करायची आणि गंधकाम्लात बुडवायची. १८८१ मध्ये कामिय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन ती जास्त कामाची केली. आज तुमच्या-माझ्या गाडीत जी बॅटरी आहे ती नात्याने याच बॅटरीची पणती. बॅटरी वापरली की तिच्या पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट जमतं, चार्ज केली की ते परत विरघळतं. पण ती तशीच रिकामी पडून राहिली तर त्या सल्फेटचे मोठे, टणक स्फटिक होतात आणि मग ते विरघळायला तयार नसतात. म्हणजे या बॅटरीला नुसतं पडून राहणं मानवतच नाही. भरलेलं राहणं हीच तिची तब्येत. १८५९ पासूनचा हा स्वभाव आजतागायत बदललेला नाही.

ही बॅटरी मोटारीच्या संसारात कायमची आणली ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या डेटन गावी तो आधी दुकानांच्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता आणि तिथे त्याने गल्ल्याला विजेची मोटर बसवली होती. त्यातून त्याला एक गोष्ट पक्की समजली होती. जी मोटर फक्त दोन-चार सेकंदच चालणार आहे, तिला तेवढ्यापुरतं तिच्या ताकदीबाहेर राबवलं तरी चालतं. मग इंजिन फिरवायला भलीमोठी मोटर कशाला हवी? कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांचे स्नेही बायरन कार्टर १९०८ साली वारले, ते एका बाईची बंद पडलेली गाडी हँडल मारून सुरू करताना झालेल्या दुखापतीमुळे, आणि तेव्हापासून लेलंड यांनी हँडलचा ध्यासच घेतला, असं सांगतात. कथेत थोडं मीठ-मसाला असेल. पण १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर आला, हे मात्र इतिहासात पक्कं नोंदलेलं आहे. इंजिन सुरू करणं, ठिणगी आणि दिवे ही तिन्ही कामं एकाच विजेच्या व्यवस्थेकडे गेली. मॉडेल टीलाही १९१९ पासून विजेचा स्टार्टर मिळू लागला.

गंमत बघा. त्या काळात विजेवर चालणाऱ्या मोटारीही अमेरिकेत भरपूर होत्या आणि हँडल मारायला नको म्हणून त्या खास करून बायकांना आवडत. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची विजेची गाडी चालवायची! स्टार्टर आल्यावर विजेच्या गाडीचा हा मोठा फायदाच संपला. पेट्रोल स्वस्त होत गेलं आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या. म्हणजे एका छोट्या विजेच्या मोटरने विजेच्या गाडीचा निकाल लावायला मदत केली.

यानंतरची साठ-सत्तर वर्षं बॅटरीची नोकरी तशी सरळ होती. सकाळी एकदा दणकून काम, मग दिवसभर इंजिन तिला परत भरणार. गाडी बंद केली की किल्ली काढायची, आणि किल्ली काढली की तार तुटायची. एक घड्याळ सोडलं तर आत कोणी जागं नसायचं. बॅटरी उतरलीच तर चार पोरं गोळा करून "लाव दुसरा गिअर, सोड क्लच" करत धक्का मारायचा. आमच्या गल्लीत सकाळी फियाटला धक्का मारणं हा सामुदायिक कार्यक्रम असे. शेजाऱ्यांच्या ओळखी त्यातून झाल्या आहेत.

खरी फट पडली ती किल्लीला. १९८२ मध्ये फ्रान्समध्ये रेनो फ्युएगो या गाडीचं दार लांबून बटण दाबून उघडू लागलं. आता विचार करा, लांबून हाक मारली तर ऐकू यायला आत कोणीतरी जागं हवं की नाही? मग १९९३ च्या शेवरले कॉर्व्हेटमध्ये बटणही दाबायला नको झालं, किल्ली खिशात घेऊन जवळ गेलं की दार उघडणार. त्याच दशकाच्या अखेरीला मर्सिडीजने 'कीलेस-गो' आणलं. आज आपल्याकडे मधल्या किमतीच्या गाड्यांतही हे सर्रास दिसतं. तुम्ही दाराच्या मुठीला हात लावता, गाडी एक बारीकसा संदेश सोडते ("कोण आहे?"), खिशातली चावी उत्तर देते ("मीच"), ते उत्तर बरोबर आहे हे गाडी पडताळते आणि कुलूप उघडतं. पापणी लवायच्या आत हे सगळं घडतं. आपल्याला वाटतं आपण आलो आणि दार उघडलं. खरं म्हणजे गाडीतलं एक उपकरण आपण गेल्या क्षणापासून कान देऊन बसलेलं असतं.

या संदर्भात मला टोयोटाच्या अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तकातला एक भाग फार आवडला. माहितीपुस्तक कोणी आवडीने वाचतं का, असं बायको म्हणते. पण ऐका. ही कीलेस व्यवस्था पाच दिवस किंवा जास्त वापरलीच नाही, तर गाडी जरा सुस्तावते, हाक मारल्यावर ओ द्यायला वेळ लावते. चौदा दिवस किंवा जास्त झाले, तर बाकीच्या दारांवरचं लक्ष ती काढून घेते आणि फक्त ड्रायव्हरच्या दारापुरती जागी राहते. उद्देश अर्थात बॅटरी वाचवणं. इंजिनिअरने लिहिलेलं कोरडं वाक्य आहे, पण मला त्यात आजोळचं घर दिसलं. आधी सगळे दिवे लावून वाट बघायची, मग ओटीवरचा, आणि शेवटी नुसता दारातला.

आता हायब्रिड. पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर यांचा हा संसार आपण नवा समजतो, पण तोही जुनाच. १९०० साली व्हिएन्नाच्या लोनर कंपनीत पंचविशीतल्या फर्डिनांड पोर्शने एक गाडी बनवली. पेट्रोल इंजिनांनी वीज तयार करायची, आणि त्या विजेवर चाकांतल्या मोटरी फिरवायच्या. तिचं नाव त्याने ठेवलं 'सेंपर विवुस'. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'सदा जिवंत'! शिकागोच्या वूड्स कंपनीनेही पहिल्या महायुद्धाच्या काळात असा एक प्रयत्न केला. पुढे सत्तरच्या दशकात व्हिक्टर वूक नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने (कादंबरीकार हर्मन वूकचा हा भाऊ) १९७२ ची ब्यूक स्कायलार्क घेऊन तिचं हायब्रिड करून दाखवलं. पण बाजारात मोठ्या संख्येने आली ती डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीला आलेली टोयोटाची प्रियस.

प्रियसच्या जन्माची एक कथा तिचे प्रमुख अभियंता ताकेशी उचियामादा यांच्यामुळे प्रसिद्ध आहे. १९९५ च्या शेवटी पहिला नमुना तयार झाला आणि तो जागचा हलेचना. एकोणपन्नास दिवस! शेवटी हलला, तो पाचेकशे मीटर जाऊन थांबला. हायब्रिड गाडीने आपल्या आयुष्याची सुरुवातच उभं राहून केली, असं म्हणायला हरकत नाही.

आणि इथेच तो मुद्दा आहे, जो मला काकांच्या गाडीपायी समजून घ्यावा लागला. हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, चाकं फिरवणारी. २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ती सुमारे २०० व्होल्टची होती. दुसरी छोटी, आपली नेहमीची बारा व्होल्टची, केटरिंगच्या वंशातली. इंजिन फिरवायचं दणकट काम आता मोठीकडे गेलं, म्हणून छोटीला लहानच ठेवली तरी चालतं. पण गाडी बंद केली की मोठी बॅटरी सुरक्षेसाठी बाकी गाडीपासून पूर्ण तोडली जाते. ती परत जोडणारे जे स्विच असतात, ते ओढायला लागते छोटीची वीज. गाडीतले संगणक उठवायलाही छोटीच. कुलूप उघडायलाही छोटीच. म्हणजे तिजोरी नोटांनी भरलेली आहे, पण तिची किल्ली ज्याच्याकडे आहे तो पहारेकरीच उपाशी पडला, तर तिजोरीचा उपयोग काय?

त्या प्रियसमध्ये तर आणखी बहार होती. छोटी बॅटरी मागच्या डिकीत, आणि डिकीचं दार उघडायला वीज लागणार. म्हणजे बॅटरी मेली, तर बॅटरीपर्यंत जाणारा दरवाजाही मेला. (यावर त्यांनी उपाय ठेवला होता. पुढे बॉनेटखाली फ्यूजच्या पेटीत जोडणीची एक जागा होती.) आणि याच पिढीत गाडी सुरू करायला फिरवायच्या किल्लीऐवजी 'पॉवर'चं बटण आलं आणि कीलेसची सोय मिळू लागली. ज्या गाडीची छोटी बॅटरी सगळ्यात जास्त मोलाची, त्याच गाडीत तिला रात्रंदिवस जागं ठेवणारी सोय येऊन बसली.

हिशोबच करू या. समजा बॅटरी ४५ अँपिअर-अवरची आहे आणि उभी गाडी ३० मिलिअँपिअर खाते. आकडा किती क्षुल्लक! पण चोवीस तासांत होतात ०.७२ अँपिअर-अवर. बॅटरी निम्म्याच्या खाली गेली की धोका, असं धरलं तर हातात आहेत साडेबावीस. भागाकार केला की एकतीस दिवस येतात. त्यात आपला मे महिना धरा. उष्णतेने बॅटरी आपोआपही लवकर उतरते. चार वर्षांची जुनी बॅटरी असेल तर ४५ हा आकडा नुसता वरच्या स्टिकरवरचा. आणि चावी गाडीच्या अगदी जवळ, भिंतीपलीकडच्या खुंटीवर टांगली असेल, तर दोघींचं बोलणं चालूच राहतं. एकतीसचे वीस कधी होतात कळत नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये हा धडा अनेकांना एकदमच मिळाला. २५ मार्चपासून आमच्या सोसायटीत गाड्या उभ्या होत्या त्या उभ्याच. आणि ज्यांची मुलं इकडे येऊन अडकली, त्यांच्या गाड्या तिकडे अमेरिकेत, इंग्लंडात, इमारतींच्या खाली बर्फ-पाऊस झेलत उभ्या. भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पूर्वीसारखी सुरू झाली ती थेट २७ मार्च २०२२ ला. मधल्या काळात विशेष विमानांनी लोक गेले, पण कुठल्या गाडीचे किती एकतीस दिवस उलटून गेले, मोजा!

आता घरातली गोष्ट.

आपल्याकडे होंडाने २००८ साली सिव्हिक हायब्रिड आणली, २०१० साली प्रियस आली, पण किमतीमुळे त्या मोजक्यांच्या दारात गेल्या. मधल्या किमतीच्या पूर्ण हायब्रिड गाड्या रस्त्यावर नियमित दिसू लागल्या त्या २०२२ पासून. त्यातलीच एक माझ्या चुलतभावाने कोथरूडला काका-काकूंसाठी घेऊन ठेवली. (कुठल्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही. वरचं गणित सगळ्यांनाच सारखं लागू आहे.) तो असतो परदेशात. येतो दीड-दोन वर्षांनी. काकांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गाडी चालवणं सोडलं. गरज लागली की ओळखीचा एक ड्रायव्हर मुलगा येतो. दादाचं म्हणणं एवढंच होतं, "रात्री-बेरात्री काही लागलं तर दारात गाडी असू दे."

गेल्या पावसाळ्यात तो ड्रायव्हर मुलगा लावणीसाठी गावाला गेला. (बघा, इथेही लावणीच!) पावसाने काका-काकूही कुठे बाहेर पडले नाहीत. गाडी सहा आठवडे उभी. आणि एका रात्री दीड वाजता काकूंना श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला. शेजारचे गृहस्थ चालवायला तयार, काका चावी घेऊन खाली. मुठीला हात लावला, काही नाही. बटण दाबलं, काही नाही. काका सांगतात, "अरे, इतकी वर्षं मी गाडी चालवली, चालू न होणारी गाडी बघितली आहे. पण दारच उघडत नाही अशी गाडी मी प्रथम बघितली. आपल्या घरासमोर आपणच परके." शेजाऱ्यांच्या कॉलेजातल्या मुलीला माहीत होतं की चावीच्या पोटात एक लोखंडी पातं असतं. तिने ते काढलं, दार उघडलं. आत मिट्ट काळोख. एकसुद्धा दिवा नाही. धक्का मारायचा प्रश्नच नव्हता, या गाडीला तो चालतच नाही. शेवटी त्याच शेजाऱ्यांची चौदा वर्षांची, साधी किल्ली फिरवून चालणारी छोटी गाडी काढली आणि काकूंना दवाखान्यात नेलं. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. काकू आता छान आहेत, दोन दिवसांत घरी आल्या. हे वाचत असतील आणि म्हणत असतील, "अहो बघा, माझा दम जगजाहीर केला याने!"

सकाळी मेकॅनिक आला. बॉनेट उघडून लाल-काळे चिमटे लावले, ब्रेक दाबून बटण दाबलं आणि समोर 'रेडी' अक्षरं उमटली. दोन मिनिटं! इंजिन फिरवायला नाही, नुसते संगणक जागे करायलाच वीज हवी होती, म्हणून इवलासा बूस्टरही पुरला. दोन मिनिटांचं काम रात्री दीड वाजता मात्र डोंगराएवढं झालं होतं.

काकांनी दादाला आठवडाभर हे सांगितलंच नाही. "त्याला तिकडे कशाला घोर?" मग मीच सांगितलं. फोनवर तो बराच वेळ गप्प होता. मला त्याचं वाईट वाटलं. कारण ती गाडी म्हणजे त्याने आपल्या वतीने दारात उभा केलेला माणूस होता. लांब राहणारी मुलं काय काय उभं करून ठेवतात, गाडी, इन्व्हर्टर, पाणी शुद्ध करणारं यंत्र, गॅलरीत कॅमेरा. आणि आपल्याला वाटतं, एकदा उभं केलं की ते उभं राहील. चेतकच्या काळात ते खरं होतं. आता उभं राहण्यालाही खर्च आहे. जे आपली वाट बघतं, ते वाट बघता बघता स्वतःला संपवत असतं, आणि अधूनमधून कोणीतरी जाऊन त्याला भरावं लागतं.

या 'बंद'च्या गोंधळाची दुसरी बाजू याहून भयंकर आहे, म्हणून तीही लिहितो. हायब्रिड किंवा शांत इंजिनाची कीलेस गाडी चालू असली तरी आवाज येत नाही. किल्ली काढायचा प्रश्न नाही, त्यामुळे माणूस चावी खिशात घेऊन घरात निघून जातो. अमेरिकेत घराला जोडून बंद गॅरेज असतं. तिथे रात्रभर चालू राहिलेल्या इंजिनाचा विषारी वायू घरात शिरून माणसं दगावली. २००६ पासून असे दोन डझनांहून अधिक मृत्यू झाल्याचं न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये लिहिलं होतं. २०२१ मध्ये तिथे मंजूर झालेल्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात अशा गाड्यांचं इंजिन ठरावीक वेळाने आपोआप बंद व्हावं असा नियम करण्याची तरतूद आहे. आणि २०११ साली झुरिकच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर प्रयोग करून दाखवलं की घरातल्या चावीचं उत्तर मधल्यामध्ये लांबवून चोर गाडी उघडू शकतो आणि घेऊनही जाऊ शकतो. जी सतत ऐकत असते, ती चोराचंही ऐकते. तेव्हापासून काही लोक चावी पत्र्याच्या डब्यात ठेवतात. पूर्वी आपण त्या डब्यात चकल्या ठेवायचो.

असो. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, विशेषतः ज्यांच्या आई-वडिलांच्या दारात आहे, त्यांच्यासाठी चार ओळी. आठवड्यातून एकदा गाडी थोडी फिरवून आणावी. तेवढं जमत नसेल तर निदान ब्रेक दाबून बटण दाबावं आणि 'रेडी' उमटलं आहे हे बघून तासभर तशीच ठेवावी, म्हणजे मोठी बॅटरी छोटीला भरते. ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबून रेडिओ ऐकत बसलात तर छोटीच आणखी रिकामी होते, हा फरक लक्षात ठेवा. हे सगळं मोकळ्या हवेतच करायचं, कारण इंजिन मध्येच आपलं आपण सुरू होतं. चावी गाडीपासून लांब ठेवायची. महिन्याच्या वर जाणार असाल तर छोट्या बॅटरीची ऋण बाजूची तार काढून ठेवता येते, किंवा तिला जोडून ठेवायचा छोटा चार्जर मिळतो. काही गाड्यांत कीलेस व्यवस्था बंद करून ठेवायचीही सोय असते. ते सगळं माहितीपुस्तकात बघून करा (बघा, वाचावं लागतं!). आणि चावीच्या पोटातलं लोखंडी पातं घरातल्या प्रत्येकाला एकदा काढून दाखवा, म्हाताऱ्यांना दोनदा.

काकांनी आपली पद्धत बसवली आहे. रविवारी सकाळी शेजाऱ्यांची ती मुलगी गाडी काढते, काका पुढे, काकू मागे, पाषाण तलावापर्यंत जायचं, पाय मोकळे करायचे आणि परत. तिची परीक्षा असली की दोघं खालच्या उघड्या पार्किंगमध्येच गाडी 'रेडी' करून बसतात आणि तासभर विविधभारती लावतात. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दूध आणि गॅसच्या नोंदींबरोबर आता दर रविवारी एक शब्द असतो, 'गाडी'. मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला तेव्हा ते दोघं गाडीतच होते. काकू म्हणाल्या, "जरा थांब रे, गाणं संपू दे."